पावसाकडे तोंड करून बसलेलं घर

होळी होऊन चार दिवस होत नाहीत तोच वरच्या मजल्यावर ठोकाठोक सुरू झाली. सातव्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय आणि त्यांनी म्हणे स्वयंपाकघराची भिंतच काढायला घेतलीय. आमची नातसून वैतागली. "आजी, तुम्हाला त्रास होतोय ना? सोसायटीत तक्रार करू का?" म्हटलं, खबरदार! दोन भिंती काढेनात का बिचारे. फाल्गुन-चैत्रात घरावर हातोडा वाजला नाही तर मला चैन पडत नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. महाळुंग्यात सहाव्या मजल्यावर संसार मांडलेल्या मुलीला कौलं चाळणं म्हणजे काय ते कसं कळावं? कळायचं काही कारणच नाही म्हणा.

आमच्या पौडात होळीची राख निवली की माणसं छपरावर चढत. वर्षभरात नळीच्या कौलांत काय काय साठलेलं असे! पालापाचोळा, वाळलेलं शेवाळ, चिमण्यांची घरटी, एखादा विंचू, आणि शेजारच्या पोरांनी मारलेले दगड तर मोजायलाच नकोत. सगळी कौलं उतरवायची, झटकायची, फुटकी बाजूला टाकायची आणि चांगली पुन्हा रचायची. हे काम एकट्यादुकट्याचं नव्हे. सावडीनं व्हायचं. आज तुझ्या घरावर मी, उद्या माझ्या घरावर तू. पाच-सहा घरची माणसं एका छपरावर बसली की गप्पांना ऊत. वरून साऱ्या पेठेची परसदारं दिसत, त्यामुळे कुणाच्या सुनेनं दुपारी झोप काढली आणि कुणाची भाकरी करपली, हे संध्याकाळपर्यंत गावभर. तापलेल्या कौलांचा एक वास असतो. मातीचाच, पण भाजलेला, कोरडा. त्यात खालून कांदा-भाकरीचा आणि परसातल्या रायवळ आंब्याच्या मोहोराचा वास मिसळे. तो वास आठवला की मला अजून भूक लागते.

पण मला आठवतं ते एकाच वर्षीचं कौलं चाळणं. पानशेत फुटलं, त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची. मी तेव्हा चोवीस वर्षांची. पुण्यात रविवार पेठेत वाढलेली, फायनल पास झालेली आणि जिभेनं तिखट. आमचे 'हे' पौडच्या शाळेत मास्तर. माणूस देवासारखा, म्हणजे शांत आणि काही न बोलणारा. घरात मामंजी, म्हणजे माझे सासरे, ज्यांना गाव आबा म्हणे. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. आणि आमची शालन, पाच वर्षांची, डोळ्यांत दिवे लावल्यासारखी पोर. त्या पोरीला पावसाळा लागला की दमा उचल खाई. छातीत शिट्टी वाजायला लागे, खांदे वर चढत, ओठ जांभळे पडत, आणि मी तिला मांडीवर घेऊन नुसती बसून राही. आदल्या पावसाळ्यात तर तिनं माझा हात एवढा घट्ट धरला होता की नखं रुतली. दिवाळीत तिला पुण्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी घराची सगळी चौकशी केली आणि म्हणाले, "औषध मी देतो बाई, पण त्या धुराच्या कोंडवाड्यात हिला आणखी एक पावसाळा काढू देऊ नका."

कोंडवाडाच होता तो. पेठेतलं चार खणी, माडीचं घर, दोन्ही अंगांनी शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेलं. उजेड येणार तो पुढून नाहीतर मागून. पुढचं दार आणि खिडक्या रस्त्याकडे, म्हणजे मावळतीला. आणि मुळशीच्या डोंगरावरून पाऊस येतो तो मावळतीकडूनच, आडवा, झडीचा. दार उघडं राहिलं तर पाणी थेट चुलीपर्यंत. म्हणून ज्येष्ठ लागला की पुढून पेंढ्याचे तट्टे बांधून घर बंद करायचं ते दसऱ्याला उघडायचं. आणि मागची भिंत? ती उगवतीची. तिला खिडकी सोडा, साधा झरोका नाही. दगडमातीची हातभर जाड, आंधळी भिंत. चार महिने माजघरात भरदिवसा दिवा, चुलीचा धूर कौलांतून वाट काढील तेवढाच बाहेर जायचा, बाकीचा आमच्या पोटात. मी लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, खेड्यातली घरं अशीच असतात. मग शेजारी हिराबाईंकडे हळदीकुंकवाला गेले आणि बघते तर काय, त्यांच्या माजघरात सकाळचं ऊन पसरलेलं आणि त्यात मांजर लोळतंय!

या घराचीही एक कथा होती. ते पौडात जन्मलंच नव्हतं. मामंजींचं मूळ गाव वर मुळशीच्या खोऱ्यात, धरणाखाली गेलं. पाणी चढायच्या आधी लोकांनी जे नेता येईल ते नेलं. कुणी भांडी नेली, कुणी देव नेले. मामंजी तेव्हा पंचविशीचे. त्यांनी घर नेलं. पणजोबांनी बांधलेलं, सागाच्या खांबांचं, तुळया पेलणाऱ्या कोरीव हस्तांचं घर त्यांनी खिळा न खिळा सुटं केलं, सुताराकडून एकेका लाकडावर छिन्नीनं खूण करून घेतली, बैलगाड्यांत घातलं आणि पौडच्या पेठेत जसंच्या तसं उभं केलं. त्यांचे वडील त्या हालअपेष्टांतच गेले. पौडात आबांच्या घराचं कोण कौतुक! पाव्हणा आला की त्याला खांब दाखवत. मलाही सुरुवातीला अभिमान वाटे. पुढे शालनची छाती वाजायला लागली आणि तो अभिमान धुरात गेला.

आता मामंजींशी बोलायचं कसं, ही दुसरी पंचाईत. त्या काळी सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही आणि सासऱ्यानंही सुनेशी नाही. मध्ये सासू असली तर निरोप तिच्यामार्फत जातात. आमच्याकडे सासू नाही, मास्तर दिवसभर शाळेत. मग आमचं सगळं बोलणं चालायचं म्हशीमार्फत. चंद्री तिचं नाव. गोठा ओसरीला लागूनच. मामंजी ओसरीवर सुपारी कातरत म्हणायचे, "चंद्रे, आज कालवन आळनी झालंय." मी आतून म्हणायची, "चंद्रे, मीठ संपलंय, बाजारातून आणायला सांग." सहा वर्षं हे असं. हसू नका. तुमच्याकडे मोबाइलवरून दोन खोल्यांतली माणसं बोलतात, ते बरं चालतं!

तर त्या वर्षी शिमगा झाला आणि मी चंद्रीपुढे आंबोण ठेवताना बोलले. चंद्रीलाच, पण ओसरीवर नीट ऐकू जाईल असं. "चंद्रे, डॉक्टरांनी सांगितलंय, अजून एक पावसाळा या धुरात काढला तर पोरीचं काही खरं नाही. मृगाच्या आत मागली भिंत फुटली नाही तर मी शालनला घेऊन माहेरी जाणार. आणि मग परत यायची नाही."

अडकित्ता थांबला. उत्तर आलं, तेही चंद्रीलाच. "चंद्रे, ह्ये घर येकदा हाड न् हाड सुटं क्येलंय म्या. पुन्यांदा त्याला हात लावू द्याचा न्हाई. कौलं काय चाळायची ती चाळा."

म्हैस रवंथ करत राहिली. तिला बहुधा दोन्ही बाजू पटल्या असाव्यात. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. मी 'ह्यां'ना म्हटलं, तुम्ही बोला वडिलांशी. ते म्हणाले, "बोलतो." सात दिवस झाले तरी बोलतोच. शेवटी मी माझी ट्रंक काढून पुसून ठेवली. खोटं दाखवायला नव्हे. खरंच जाणार होते मी. आणि मला जायचं मुळीच नव्हतं, हेही तितकंच खरं. मामंजींच्या मांडीवर बसल्याशिवाय शालन दूध प्यायची नाही. ती पुण्यात दूध कुठे पिणार होती?

कौलं उतरली. वरचे काही वासे वाळवीनं खाल्ले होते म्हणून माण गावाहून नाना सुतार आला. बोलका माणूस, कामाला लागला की लाकडाशीसुद्धा बोलायचा. छप्पर उघडं, माजघरात प्रथमच वरून लख्ख ऊन पडलेलं, आणि त्या उन्हात आमच्या घराचं खरं रूप दिसत होतं. काजळीची जाळी लोंबतायत, खांब कोळशासारखे काळे. नानानं ओल्या फडक्यानं पुढच्या दाराजवळचा खांब पुसला आणि मान वाकडी करून बघत राहिला. मग खालूनच ओरडला.

"आबा, ह्या खांबावर सूर्य कोरलाय की वो! ही उगवतीची खूण. आन् खांब तर मावळतीला हुबा. दुसऱ्या खांबालाबी त्येच!" आणि हसत हसत, "कुन्या येड्यानं मांडलं म्हनायचं ह्ये घर? उगवतीला तोंड व्हतं ह्येचं. पाठ दिली व्हती पावसाला. हितं आनून समदं उलटं ठिवलंय!"

छपरावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, घर कुणी मांडलंय ते. एक नानालाच ठाऊक नव्हतं. मामंजी उठले, पागोटं डोक्यावर ठेवलं आणि कुणाकडे न बघता बाहेर पडले.

मी पीठ मळता मळता थांबले. आंधळी भिंत का आंधळी आहे, ते आत्ता कळलं. ती मुळात पावसासाठी होती. वरच्या खोऱ्यात चार महिने झड खाणारी भिंत इथे येऊन उन्हाला अडवत बसली होती, आणि उन्हासाठी काढलेल्या खिडक्या पावसाचा मार खात होत्या. घर अंधारं नव्हतं हो. फक्त तोंड फिरवून बसलं होतं.

मामंजी दुसऱ्या दिवशी पहाटेच कुणाची तरी बैलगाडी घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी परत आले. मी चुलीपाशी होते. मागून हाक आली, "सूनबाई."

मी दचकले. कोण पाव्हणं आलंय म्हणून दाराकडे बघायला लागले. सहा वर्षांत त्यांनी मला हाक मारली नव्हती. ते माजघराच्या उंबऱ्यात उभे होते. पायांना पोटरीपर्यंत वाळलेला गाळ.

"धरनातलं आपलं जुनं जोतं बघून आलो," ते म्हणाले. "यंदा पानी लई खाली गेलंय. पायरी दिसती. दार उगवतीलाच व्हतं."

मी पदर पुढे घेतला.

"मला ठावं न्हवतं आसं न्हाई," ते म्हणाले. "तवाचा सुतार सांगत व्हता, रस्ता मावळतीला हाय, म्होरली भित मागं आन् मागली म्होरं घिऊ, खुना नव्या करू. म्या म्हनलं, बानं दिलं तसंच हुबं ऱ्हाईल. म्होरलं म्होरं, मागलं मागं. समद्या गावाम्होरं भांडलो त्याच्यासंगं. आन् पैल्याच पावसात कळलं. पर आता कुन्या तोंडानं सांगायचं? तट्टे बांधलं आन् गप बसलो." मग म्हणाले, "तुमची सासू पंचवीस वर्सं ह्या धुरात खोकली. खोकतच ग्येली. तवाबी म्या म्हनलो न्हाई, भित फोडू म्हनून. लाज वाटली वो मला."

खरं सांगते, मला त्यांचा भयंकर राग आला. सासूबाईंना मी पाहिलंही नव्हतं, पण त्यांच्यासाठी आला. एका माणसाच्या हट्टापायी एक बाई अख्खा जन्म डोळे चोळत राहिली! वाटलं, बोलावं चार शब्द. पण समोर बघितलं तर म्हातारा गाळानं भरलेल्या पायांनी दाराची चौकट धरून उभा होता. बापाचं घर पाण्यातून वाचवलेला तो पंचविशीतला पोरगा मला त्यात दिसला. कुणी सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं त्यानं. मी लोटाभर पाणी दिलं. ते पाय न धुता घटाघट प्याले.

"पोर हितं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "भित म्या फोडतो."

अक्षयतृतीयेला नारळ फुटला आणि पहिली पहार मामंजींनीच घातली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. माती सुटली, एक दगड हलला, मग दुसरा, आणि त्या भोकातून उन्हाची एक तिरीप धुळीतून सरळ आत आली. हिराबाई परसातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं बया! तुझं माजघर येवढं मोटं हाय व्हय?" सगळे हसले. मामंजीसुद्धा हसले, पण डोळे पुसत. धुळीनं पाणी आलं असेल म्हणा.

मग महिनाभर काय धमाल! मागच्या भिंतीला एक दार आणि दोन खिडक्या. चुलीला माजघरातून उठवून परसदारच्या पडवीत नेलं आणि वर विटांचं धुराडं. शालनला झोपायला माडी, म्हणून तिथल्या भाताच्या कणग्या खाली पुढच्या खोलीत आल्या. पुढच्या दारावर छपराचं पाखं हातभर लांब ओढून घेतलं म्हणजे झड आत यायची नाही. जुनं एकही धड लाकूड फेकायचं नाही, हा मामंजींचा कायदा. उरलेल्या वाशांतून खिडक्यांच्या चौकटी निघाल्या. मी म्हटलं होतं, मला ओटा हवा, उभ्यानं स्वयंपाक करायला. त्यावर मात्र त्यांची जुनी सवय उसळली. "चंद्रे, उभ्यानं सैपाक करत्यात व्हय कुटं? घोड्यावानी?" मी म्हटलं, "चंद्रे, खाली बसलं की सगळा धूर नाकात जातो, हे घोड्यालाही कळतं." ओटा झाला. गवंड्यानं तो चार बोटं उंच केला, कारण माप मास्तरांनी स्वतःच्या कमरेवरून दिलं. पुढची कित्येक वर्षं मी पाटावर उभी राहून पोळ्या लाटल्या.

वैशाखाच्या शेवटी वळवानं गाठलंच. दुपारी उन्हानं जीव नकोसा झालेला, अर्धी कौलं चढायची राहिलेली, आणि मुळशीकडचं आभाळ एकदम शाईसारखं झालं. नाना ओरडला, "आलं वो आलं!" न बोलावता सगळी पेठ धावली. रस्त्यापासून छपरापर्यंत माणसांची रांग लागली आणि कौलं हातोहात वर चालली. बाया, म्हातारे, शाळेतून आलेले मास्तर, सगळे. मामंजी साठीचे, पण आढ्यावर बैठक मारून कौलं रचत होते. गारा पडायला लागल्या तरी खाली यायला तयार नाहीत. शेवटची ओळ बसली तेव्हा आम्ही सगळे नखशिखांत भिजलेले आणि घर कोरडं. हिराबाईंनी गुळाचा चहा केला. इतका गोड चहा मी आयुष्यात प्यायले नाही.

वरची ठोकाठोक आत्ता थांबलीय. दुपारच्या जेवणाची सुट्टी असेल. नातसून म्हणते, त्यांना मोकळी हवा पाहिजे म्हणून भिंत काढतायत. काढू देत. भिंत काढायला धीर लागतो बाई. बांधणारा हयात असेल तर फारच लागतो. लोक म्हणतात जुनं घर जपा, आणि मीही तेच म्हणते. पण जपायचं म्हणजे हात न लावता तसंच ठेवायचं, असं मला कधी वाटलं नाही. मामंजींनी तीस वर्षं घर तसंच ठेवलं होतं, आणि ते कुणाला राहायच्या लायकीचं उरलं नव्हतं. त्यांनी ते फोडलं, तेव्हा कुठे आम्ही त्यात राहायला लागलो.

पण भिंत फुटली म्हणून जीव थोडाच भांड्यात पडतो? मृग लागला. मी दिवसातून दहा वेळा शालनच्या पाठीला कान लावायची. पहाटे उठून मामंजी माडीच्या जिन्याखाली उभे राहून ऐकायचे, हे मी स्वतः पाहिलंय. कुणी कुणाशी त्याबद्दल बोलत नव्हतं. बोललं आणि दृष्ट लागली तर? आर्द्रा नक्षत्र गेलं. पाऊस नुसता कोसळत होता, समोरचा रस्ता ओढ्यासारखा वाहत होता. मागच्या खिडक्या उघड्या आणि माजघर कोरडं. सकाळी ढगांतूनही उजेड यायचा. तरी मनातून भीती जाईना. गेल्या वर्षी पुनर्वसूतच पोर निळी पडली होती.

पुनर्वसू लागल्याचा तिसरा की चौथा दिवस. दुपारी थोडी उघडीप होती. मी ओट्याशी भाकरी थापत होते, मामंजी मागच्या नव्या दारात सुपारी कातरत बसले होते. एवढ्यात परसातून शालन आली. दारात येऊन थांबली, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं, खांदे वरखाली होतायत. धाप. तोंडातून शब्द फुटेना. माझ्या हातातली भाकरी ओट्यावर पडली. सगळं संपलं, एवढंच डोक्यात आलं.

मामंजींनी तिला ओढून जवळ घेतली, फ्रॉक वर केला आणि तिच्या पाठीला कान लावला. किती वेळ लावला! बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. ते डोळे मिटून ऐकत राहिले. शालन चुळबुळ करायला लागली. "आबा, सोडा ना! हिराकाकूंची शेळी पळाली, मी तिला पार वेशीपर्यंत पकडायला गेले होते!"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, शिट्टी न्हाई. पळाल्याची हाय."

शालन त्यांच्या हातातून निसटली आणि पुन्हा चिखलात धावत सुटली. मी ओट्याला धरून मोठ्यानं रडायला लागले, आणि सासऱ्यांसमोर रडू नये, हे त्या दिवशी माझ्या लक्षातच आलं नाही.